दोन भिंगं आणि माझी थोरली बहीण

माझ्याविरुद्ध एकदा माझ्याच घरात कट शिजला. सूत्रधार माझी थोरली विधवा बहीण, तिला सामील माझी बायको, आणि हे सगळं ज्याच्यासाठी झालं तो माझा मुलगा तेव्हा पाळण्यात मूठ चोखत पडलेला.

मी रिसोडात नुकतंच फोटोचं दुकान थाटलं होतं. कॅमेरा होता, पण चेहऱ्यासाठी चांगलं भिंग हवं होतं. अकोल्याच्या व्यापाऱ्याने दोन पारखायला दिली. एक ठेवायचं, दुसरं परत करायचं. लहान भिंगातून उजेड इतका थोडा शिरे, की फोटो काढून घेणाऱ्याला श्वास कोंडून पुतळा व्हावं लागे. मोठं मात्र पितळी नळीतलं, पेल्याच्या तोंडाएवढं. टोपण काढलं, पुन्हा लावलं, झाला फोटो! तान्ह्या लेकराला काही 'हलू नकोस' म्हणता येत नाही. आमच्या तालुक्यात बाळाचा नितळ फोटो कुणालाच साधत नव्हता. मला साधला असता तर दुकान चाललंच असतं.

ओसरीवर बायको बाळाला घेऊन बसली. बहीण कॅमेऱ्याजवळ खुळखुळा घेऊन उभी. मी मोठं भिंग बसवलं, नेम धरला, टोपण लावलं, अंधाऱ्या खोलीतून काचेची प्लेट भरून आणली आणि फोटो काढला. प्लेट धुतली तर बाळ धुक्यात हरवलेलं. पुन्हा काढला. पुन्हा धुकं! भिंग डोळ्याशी धरून पाहिलं, तर लख्ख. मग लहान भिंग लावलं. बाळ नेमकं झोपलं होतं, पापणीन् पापणी उमटली.

मोठं भिंग आतून बिघडलेलं आहे असं ठरवून मी ते ऐटीत परत केलं. वर व्यापाऱ्याला चार शब्द सुनावले.

त्यानंतर दुकानात आलेलं एकही बाळ झोपलं नाही. एका शेतकऱ्याने फोटो उलटसुलट करून विचारलं, "बाप्पा, लेकरू त एकच आनलं व्हतं ना आमी? हे दुसरं डोस्कं कोनाचं?"

पुढे एकदा बहीण आणि बायको, बायकोच्या माहेरच्या लग्नाला म्हणून, बाळाला घेऊन वाशीमला गेल्या. परतल्यावर बहिणीने ट्रंकेतून एक फोटो काढला. माझा मुलगा! हसणारा, गालावरच्या तिटेसकट स्वच्छ. वाशीमच्या फोटोवाल्याने काढलेला. त्याच्या कॅमेऱ्यावर तेच मोठं भिंग होतं. व्यापाऱ्याने ते त्याला विकलं होतं.

"पन माह्याकडं त्यात धुकं येत व्हतं," मी म्हणालो.

"येईनच," बहीण शांतपणे म्हणाली. "एवढा मोठा डोया लेकरावर रोखला तुनं! मी त्या भिंगाले बोटभर काजय फासलं. तू आत गेला की टोपण काढून लावत व्हती, पुन्हा गेला की पदरानं पुसत व्हती."

"अन् लहान्या भिंगाले?"

"ते काय, चिमनीचा डोया."

"मंग वाशीमले त्याच डोयापुढं लेकरू कसं बसवलं?"

"तो परका मानूस. बापाची नजर सगळ्यात जास्त लागते, येड्या."

मी बायकोकडे पाहिलं. जगात आता माझी म्हणून तेवढीच बाजू उरली होती. ती पदराआडून म्हणाली, "मीच त काजयाची डबी आनून देत व्हती. तुमी लय खुशीत व्हते, मनलं कायले बोला!"

दोघी मनापासून हसल्या. बाळही हसलं. घरातल्या एकाही माणसाला माझी दया आली नाही.

बहिणीने तो फोटो चौकटीत बसवून माझ्याच दुकानात टांगला. येणारे आधी त्याच्याकडे बोट दाखवत, "आमच्या लेकराचा असाच काढा." मी घसा खाकरून बहाणा जुळवायला लागे, तोवर आतून बहिणीचा आवाज येई, "तसा पाहिजे त वाशीमले जा, बाबू. आमच्याकडं थे भिंग नाही."

आणि ते जात.