फक्त बोटर्ससाठी

कुवेतमध्ये ज्यांनी क्लबात नोकरी केली, त्यांच्याकडे किस्से आपोआप साचतात. पंपाच्या जाळीत शेवाळ साचतं ना, तसे. काढून टाका, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेवढेच!

नव्वदच्या दशकात मी एका बोट क्लबात मेंटेनन्स बघायला लागलो. जेट्टीवरचं पाणी, वीज, पंप, सगळं माझ्याकडे. मूळचा नाशिकचा, पोहायला गोदावरीत शिकलेला. माझ्यासोबत रत्नागिरीकडचे दाऊदभाई. बोटी बांधणं, सोडणं, धुणं त्यांच्याकडे. मॅनेजर मिस्टर हॅरिस. इंग्लंडात कुठल्याशा कालव्यावर यांची लांबट, चिंचोळी बोट होती. तिकडच्या बोट क्लबाचे सगळे नियम साहेबांनी उचलून इथे समुद्राला लावले.

मित्र म्हणतात, "गायधनी, क्लबातला एखादा सांग!" मी सांगतो. ते हसतात.

* * *

क्लबात मेंबरांसाठी झकास शॉवर बांधले. माझ्याच देखरेखीखाली. दारावर पाटी लागली, "फक्त बोटर्ससाठी".

दाऊदभाई ऑगस्टच्या उन्हात सकाळपासून बोटी घासत होते. त्यांनी मला विचारलं, "गायधनीसाहेब, बोटर म्हंजे कोण?"

"बोटीवर असतो तो."

"मग आमी दिवसभर कुठं असतो?"

मी हॅरिसना विचारून आलो. ते म्हणाले, "तो स्टाफ आहे."

बोटी धुवायचा पाइप होता, त्याखालीच दाऊदभाई आंघोळ करायचे. शेवटपर्यंत.

* * *

एका मेंबरच्या कुत्र्यासाठी इंग्लंडहून लाइफ जॅकेट आलं. केशरी, वर धरायला हँडल! दाऊदभाई रोज होडी घेऊन बाहेर जायचे, त्यांना जॅकेट नव्हतं. त्यांनी धीर करून मागितलं.

हॅरिस म्हणाले, "पण तुला पोहता येतं ना?"

"डॉग ऑल्सो स्विमिंग, सर!"

साहेब पोट धरधरून हसले. दुपारी जेवताना सगळ्या मेंबरांना हा जोक सांगितला. जॅकेट मात्र आलं नाही.

* * *

एकदा एक बोट जागेवरच बुडाली. तळाच्या भोकाचं बूच, म्हणजे प्लग, काढलेला. मालक दाऊदभाईंवर धावून आला. खरं तर बोट पाण्यात उतरवली शुक्रवारी, मालकानेच. त्या दिवशी दाऊदभाईंची सुट्टी!

"सुट्टी होती, हेच सांगा ना," मी म्हणालो.

"सांगितलं. तर साहेब विचारतात, सुट्टी का घेतलीस?"

माफीचं पत्र मी इंग्रजीत लिहून दिलं. लिहिताना मला लाज वाटली, तरी लिहिलं. दाऊदभाईंनी सही केली. चार दिवसांनी प्लग मालकाच्याच गाडीत सापडला! पत्र परत मागायला मी ऑफिसात गेलो.

हॅरिस म्हणाले, "आता राहू दे. सही फार छान केलीय त्याने."

* * *

फॅमिली डेला मी बायको-मुलीला घेऊन गेलो. बनेद अल-गारच्या फ्लॅटमधून मुलगी नवा फ्रॉक घालून निघाली होती. जेट्टीवर येऊन म्हणाली, "बाबा, विच वन इज अवर्स?"

मी म्हणालो, "या सगळ्या बोटींना पाणी आणि वीज मी देतो."

"सो, नन ऑफ देम," ती म्हणाली आणि आइस्क्रीमच्या रांगेत गेली.

* * *

दाऊदभाईंच्या मुलीचा निकाह ठरला. पासपोर्ट क्लबाच्या तिजोरीत. कागदपत्रं बघणारा माणूस रोज म्हणायचा, "बुकरा." म्हणजे उद्या. दोन महिने उद्याच!

निकाहाच्या दिवशी मी त्यांना माझ्या केबिनमधला फोन दिला. पलीकडे काझींनी विचारलं असावं, मुलीचे वडील हजर आहेत का?

दाऊदभाई उभे राहिले. डोक्यावरची टोपी नीट केली. म्हणाले, "हजर हाय."

आठवड्याने पासपोर्ट हातात आला. तो माणूस त्यांची पाठ थोपटून म्हणाला, "मबरूक, अभिनंदन! आता खुशाल जा लग्नाला!"

* * *

एकदा भर दुपारी धुळीचं वादळ उठलं. स्वतःचा हात दिसेना. एका मेंबरची बोट बाहेर इंजिन बंद पडून अडकली. बोटीवर बायका-पोरं. रेडिओवर नुसत्या किंकाळ्या. सगळे जेट्टीवर उभे राहून एकमेकांकडे बघत होते.

दाऊदभाईंनी लहान होडी सोडली. मी ओरडलो, "जाऊ नका!" त्यांनी ऐकलं नाही.

दीड तासाने ते दोराने ती बोट ओढत आले. तळहात सोलवटलेले, डोळे लाल. पोरं सुखरूप!

दुसऱ्या दिवशी पेपरवाले आले. बोटीसमोर मेंबर, त्याचं कुटुंब आणि हॅरिस. दोर धरून दाऊदभाईही उभे राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "सदीक, जरा बाजूला." सदीक म्हणजे मित्रा. ते सरकले. "अजून थोडं." ते अजून सरकले.

फोटो छापून आला. त्यात दाऊदभाईंचा फक्त हात होता, दोर धरलेला. बातमीत नाव क्लबाचं. मी रागाने पेपर चुरगाळणार, तोच त्यांनी तो काढून घेतला. फोटो कापला आणि पाकिटात घालून गावी पाठवला.

तीन आठवड्यांनी मी विचारलं, "मिळाला का?"

"मिळाला. बायकोचा फोन होता."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुमी बारीक झालाव."