गाडी खोलली

मस्कतला राहायला गेलो तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि चौदा वर्षं सरकारी वकिली करून झाली होती. केंद्र सरकारच्या तपास यंत्रणेने पकडलेल्या माणसांच्या केसेस मी मुंबईच्या विशेष न्यायालयात चालवत असे. अधिकारी, कारकून, कंत्राटदार, मधले दलाल. सकाळी फायलींचे गठ्ठे घेऊन कोर्टात शिरायचं, साक्षीदार फिरणार नाही ना याची धास्ती घेऊन बसायचं, आणि संध्याकाळी घसा बसलेला घेऊन घरी यायचं. कामात मी चांगली होते. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण पुढे जे सांगायचंय त्यात माझा फारसा गौरव नाही.

नवऱ्याला तिकडे तेलविहिरींना यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. मुलगी आठवीत होती. मी आधी वर्षभर बिनपगारी रजा घेतली आणि मग राजीनामा दिला. अल हैलमध्ये समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर भाड्याचा व्हिला घेतला. तिसऱ्या महिन्यात मला एका ओमानी वकिलाच्या ऑफिसात काम मिळालं. वकिलाला तिथे उस्ताद म्हणतात, म्हणून मीही त्यांना उस्तादच म्हणायचे. माझ्या टेबलावर पाटी होती लीगल कन्सल्टंटची. परदेशी माणसाला तिथल्या कोर्टात उभं राहता येत नव्हतं आणि सगळं कामकाज अरबीत. त्यामुळे माझं काम म्हणजे इंग्रजी करारांचे मसुदे तपासणं. चौदा वर्षं आरोपपत्रं पिंजून काढलेली बाई दिवसभर स्वल्पविराम दुरुस्त करत बसायची.

मराठी मंडळींच्या गणपतीत, हळदीकुंकवात, कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाला लोक मला कोपऱ्यात घ्यायचे. "तुम्ही वकील ना? आमच्या पुण्याच्या सोसायटीत एकाने माझ्या पार्किंगमध्ये झाडाच्या कुंड्या ठेवल्यात." मी सांगायचे की मी फौजदारी वकील होते, आणि तीही सरकारची. ते म्हणायचे, "मग तर बरंच झालं. नोटीस पाठवता येईल का?" घरी येऊन मी चिडचिड करायचे. नवरा म्हणायचा, "उत्तर देऊन टाकायचं, काय बिघडतं?" यावर मी आणखी चिडायचे.

आमची गाडी गाला भागातल्या एका गॅरेजमध्ये जायची. तिथला मेकॅनिक रत्नागिरीकडचा, दापोलीजवळच्या एका किनाऱ्यावरच्या गावचा मुसलमान. पन्नाशीचा, बारीक, बोटांच्या पेरांत कायमचं काळं ग्रीस. नवऱ्याला साहेब आणि मला वैनी म्हणायचा. गाडीबद्दल विचारलं की तासभर बोलायचा आणि इतर कशाबद्दलही विचारलं की "हो, हो" करायचा. मुलांची शाळा चांगली चाललीय ना? हो. गावी पाऊस झाला का? हो. यंदा जाणार? हो. तीन वर्षं तो गेला नव्हता.

एका शुक्रवारी दुपारी त्याचा मोठा भाऊ आमच्या दारात उभा राहिला. मस्कतपासून दोन तासांवरच्या खाबुऱ्याला त्याचं शिलाईचं दुकान होतं. एवढ्या लांबून टॅक्सीने आला होता, हातात शेतावरच्या लिंबांची पिशवी. आत येऊन तो सोफ्याच्या अगदी टोकाला बसला.

"वैनी, भावाला पोलिसांनी नेलान," तो म्हणाला. "चोरीचा आळ हाय."

"कसली चोरी?"

"खंजर. गिऱ्हाइकाच्या गाडीतला. त्याच्या आज्याचा व्हता म्हणं, चांदीचा. आणि भावानं कबूल केलान."

मी कपाळाला हात लावला. कबूल केलं असेल तर माझ्याकडे कशाला आलाय, असं माझ्या तोंडावर आलं होतं. फिर्यादी पक्षाच्या वकिलाला कबुलीसारखी गोड गोष्ट नाही. मी विचारलं, "चोरी केली असं तो तुम्हाला म्हणाला?"

"नाय. मला बोलला, मी गाडी खोलली, बस."

पुढच्या कामाच्या दिवशी मी उस्तादांना सांगितलं. ते इन्शाल्ला म्हणाले. त्यांचं इन्शाल्ला दोन प्रकारचं होतं, एक करण्याचं आणि एक टाळण्याचं, आणि हे कुठलं ते मला कळेना. चार दिवस मी रोज विचारलं. पाचव्या दिवशी त्यांनी वैतागून फोन उचलला आणि जबाबाची प्रत मागवली. समोर बसून त्यांनी ती मला वाक्यावाक्याने इंग्रजीत वाचून दाखवली.

शुक्रवारी गॅरेज बंद असताना मी एकटा आलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गाडी उघडली. हो, आतलं सामान बाहेर काढलं. हो, ते मागच्या बाजूला ठेवलं. हो, कुणाला सांगितलं नाही. खाली अंगठ्याशेजारी सही.

"खलास," उस्ताद म्हणाले.

मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी सरकारी बाजूला असते तर या कागदावर केस अर्ध्या तासात संपवली असती. पण "उघडली" या शब्दाशी मी अडकले. मोठा भाऊ "खोलली" म्हणाला होता.

त्याला भेटायची परवानगी मिळायला आणखी तीन दिवस गेले. टेबलापलीकडे तो बसला होता, दाढी वाढलेली, हात मात्र कधी नव्हे ते स्वच्छ. मी मराठीत विचारलं, "तुम्ही खंजर घेतलात?"

"नाय."

"मग गाडीतलं सामान काढलं असं का सांगितलंत?"

"काढला ना."

"कुठलं सामान?"

"हेड काढला, वैनी. गॅस्केट गेलं व्हतं. वाल्व काढले. पूर्ण इंजन खोलला. मागे शेडमध्ये कपडा टाकून मांडून ठेवला सामान."

मी खुर्चीत मागे टेकले. मेकॅनिकच्या भाषेत गाडी खोलणं म्हणजे इंजिन सुटं करणं, आणि सामान म्हणजे पार्ट. पोलिसांनी आणलेला दुभाषी हिंदी जाणणारा, पण ऑफिसात बसणारा माणूस. त्याने खोलली म्हणजे उघडली असं केलं, सामान म्हणजे ऐवज असं केलं. अरबी कागदावर चोर तयार झाला.

"आणि शुक्रवारी एकटे का गेलात?"

"अर्बाब बोलला शनवारी गाडी द्यायची." अर्बाब म्हणजे गॅरेजचा शेठ.

"हे तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"इचारलान नाय."

"आणि मग प्रत्येक गोष्टीला हो का म्हणालात?"

"वर्दीतला माणूस इचारतोय. नाय कसं बोलायचं?"

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. समजावून सांगायला गेले की पुन्हा कुणी विचारलं तर नीट ऐकून घ्यायचं, खरं नसेल तर नाही म्हणायचं, सही करायच्या आधी थांबायचं. समजलं का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "हो."

उस्तादांनी अर्ज केला. सरकारी वकिलांच्या कार्यालयातून आम्हाला बोलावणं आलं. केस ज्यांच्याकडे होती त्या एक तरुण ओमानी बाई होत्या, तिशीच्या आसपासच्या, काळा अबाया, टेबलावर तीन फायली आणि थंड झालेला चहा. मला बघून त्यांनी उस्तादांना माझ्याबद्दल विचारलं. उस्तादांनी सांगितलं. मग त्या माझ्याशी इंग्रजीत बोलल्या.

"तुम्ही सरकारी वकील होता? किती वर्षं?"

"चौदा."

"मी चार. म्हणजे मी तुमची ज्युनिअर." त्या हसल्या नाहीत. "अर्जात तुम्ही म्हणता की शब्द चुकले. पण भाषांतर तुमच्याकडून मी घेऊ शकत नाही. तुम्ही त्याच्या बाजूच्या आहात."

मी मान डोलावली. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. तरीही मनात म्हटलं, या खोलीत त्या माणसाचं बोलणं नेमकं समजणारी मी एकटी आहे आणि मलाच गप्प बसायचंय.

नवा दुभाषी आला. मेकॅनिकला आत आणलं. बाईंनी जुना जबाब वाचायला घेतला आणि एकेका वाक्यानंतर विचारलं, हे बरोबर आहे का. आणि तो पुन्हा सुरू झाला. हो. हो. हो. मी टेबलाखाली हाताची मूठ आवळून धरली होती. उस्ताद छताकडे बघत होते.

पाचव्या "हो"नंतर बाई थांबल्या. त्यांनी जबाब बंद करून बाजूला ठेवला आणि दुभाष्याला अरबीत काही सांगितलं. दुभाष्याने त्याला विचारलं, "त्या शुक्रवारी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. मी मध्ये काही विचारणार नाही."

तो म्हणाला, चहा घेतला. मग नमाजला जायच्या आधी गॅरेजला गेलो. मग सांगता सांगता गाडीपाशी पोचला आणि त्याचा आवाजच बदलला. रेडिएटरमधलं पाणी कसं काढलं, कुठला बोल्ट गंजून बसला होता, तो सुटेना म्हणून काय केलं, हेड उचलताना कंबर कशी भरली. दुभाषी मागे पडायला लागला. एका शब्दाला तो अडला तेव्हा मेकॅनिकने सरळ बाईंच्या टेबलावरचा कोरा कागद ओढला, पेन मागितलं आणि इंजिन काढलं. एकेक भाग सुटा करून, बाण दाखवून, शेडमध्ये कपड्यावर कुठे काय मांडलं तेही.

बाई उठून त्याच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. एका चौकोनावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे सामान?"

"हा, सामान," तो म्हणाला. दुभाष्याची गरजच लागली नाही.

पाऊण तास चाललं. तो कागद त्यांनी सही घेऊन फायलीला जोडला. मग उस्तादांकडे वळून विचारलं की गाडीची दुसरी किल्ली कुणाकडे असते, हे मालकाला कुणी विचारलंय का. कुणीच विचारलं नव्हतं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी एका शब्दाच्या मागे लागले होते आणि चार वर्षांच्या अनुभवाच्या त्या बाई पुढच्या प्रश्नावर पोचल्या होत्या.

तो त्याच आठवड्यात सुटला. महिनाभराने फाइल बंद झाली. मी उस्तादांना विचारलं, खंजर कुठे मिळाला? ते म्हणाले, मालकाची तक्रार राहिली नाही. मी म्हटलं, म्हणजे मिळाला का? घरातच होता का? मालकाच्याच कुणा भावाने नेला होता का? त्यांनी हात वर केले. "खलास. तुमचा माणूस सुटला ना?" ओमानच्या सगळ्या वास्तव्यात मला इतका राग दुसऱ्या कशाचा आला नसेल. केसचा शेवट न कळणं मला सहनच होत नाही. तो आजही मला ठाऊक नाही. गॅरेजच्या अर्बाबने मेकॅनिकला परत घेतलं नाही. तो खाबुऱ्याला भावाजवळ गेला आणि तिथे बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. आमच्या गाडीला पुन्हा तसा हात मिळाला नाही.

मला मात्र त्या खोलीतले ते पाच "हो" सोडेनात. मुंबईत माझ्या नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी एक केस होती. सरकारी कार्यालयातली एक फाइल गायब झाली होती आणि आरोपींमध्ये तिथला म्हातारा दप्तरी होता. पुरावा संपल्यावर न्यायाधीशांनी नियमाप्रमाणे त्याला एकेक प्रश्न विचारला. फाइल तुमच्या ताब्यात होती असं साक्षीत आलंय, काय म्हणणं आहे? हो साहेब. तुम्ही ती बाहेर दिलीत असं आलंय? हो साहेब. अंतिम युक्तिवादात मी त्या उत्तरांवर बोट ठेवलं. शिक्षा झाली. वरिष्ठांनी खोलीत बोलावून पाठ थोपटली. तो माणूस प्रश्न ऐकत होता की नुसता न्यायाधीशांच्या खुर्चीला हो म्हणत होता, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

मी माझ्या जुन्या ज्युनिअरला फोन केला. ती म्हणाली, "ताई, एवढ्या जुन्या केसचं आता काय काढता?" पण तिने शोधलं. अपिलात तो निर्दोष सुटला होता. सहा वर्षांनी. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. त्याच्या वकिलाचा पत्ता तिने दिला. मी पत्र लिहायला बसले, तीनदा फाडलं. शेवटी चार ओळींचं पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि येण्याचं काही कारणही नव्हतं.

त्या वर्षी मी अरबीच्या वर्गाला नाव घातलं. वर्गात माझ्याशिवाय सगळी पंचवीस वर्षांची. घशातून काढायचे ते उच्चार मला येईनात. मुलगी खोलीच्या दारात उभी राहून इंग्रजीत सांगायची की आई, तुला खोकला झालाय असं वाटतंय. अडीच वर्षं घासलं. दोनदा परीक्षेत नापास झाले आणि दोन्ही वेळा घरात आठवडाभर कुणी माझ्याशी फार बोललं नाही. मग कामापुरती भाषा आली आणि मराठी, हिंदी बोलणाऱ्यांसाठी दुभाषी म्हणून माझं नाव सरकारी वकिलांच्या कार्यालयाच्या यादीत गेलं.

पहिलं बोलावणं आलं ते सांगलीकडच्या एका ड्रायव्हरसाठी, अपघाताची केस. मी त्याच्या शेजारी बसले आणि मराठीत सांगितलं की अधिकारी जे विचारतील ते मी जसंच्या तसं सांगेन, आणि तुम्ही जे बोलाल तेही जसंच्या तसं. माझं मत मी घालणार नाही. घाई करू नका. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही मराठी आहात, तुम्हीच काय ते बरोबर सांगून टाका की."

मी त्याला पुन्हा पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली.