नेवऱ्याच्या उतारावर हरवलेले भाऊकाका

माझ्या काकांना मी एकदा सायकलवर हरवलं. हरवलं म्हणजे शर्यतीत नव्हे. शर्यतीत हरवायचं तर त्यांच्याकडे दुसरी सायकल हवी. ते माझ्याच सायकलवर, माझ्याच पाठीमागे कॅरिअरवर बसले होते आणि खिशातला रुमाल हरवावा तसं मी त्यांना वाटेत कुठेतरी हरवलं!

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या आसपासची. मी रत्नागिरीत एका कचेरीत कारकून होतो. आईवडील माझ्या लहानपणीच गेले, तेव्हा भाऊकाकांनीच मला वाढवलं. पुढे काकूही गेली आणि घरात आम्ही दोघे पुरुष उरलो. भाऊकाका म्हणजे निवृत्त शाळामास्तर. देह भाताच्या भरल्या पोत्यासारखा आणि आवाज त्याहून भरलेला. स्वयंपाक आम्ही आळीपाळीने करायचो. त्यांच्या पाळीला पेज व्हायची, माझ्या पाळीला करपलेली पेज. (पेज करपते कशी, हे मला विचारू नका. करपते.) तेव्हा माझं लग्न होणं ही आमच्या घराची हौस नव्हती, निकड होती.

अशात नेवऱ्यापलीकडच्या एका वाडीतली मुलगी सांगून आली. मुलीचे वडील बोटीवर नोकरीला. त्यांचा निरोप आला, ‘उद्या दुपारपर्यंत मुलगी पाहून जा. परवा मी बोटीवर हजर व्हायला मुंबईला निघतो. परत यायला दीड वर्ष लागेल.’

दीड वर्ष पेज! मी लगेच बैलगाडी ठरवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवान हात हलवत आला. एक बैल लंगडत होता.

“मग सायकलने जाऊ,” भाऊकाका म्हणाले.

“दोघे?”

“नाही तर काय? मुलगी पाहायला तू एकटा जाणार? निर्लज्ज!”

सायकल म्हणजे बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने मागे ठेवलेली. ब्रेक एकच, तोही पुढचा, आणि तोही त्याच्या मनात आलं तर लागणारा. पण भाऊकाकांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. त्यांनी कागदावर किनाऱ्याची एक रेघ ओढली. “गाडीरस्ता निवळीवरून केवढा वळसा घालतो! आपण असे जाऊ. शिरगाव, साखरतर, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे. सरळ रेघ!”

रेघ सरळच होती. तिच्यात चढ नव्हते, रेती नव्हती, आणि खाड्या तर काकांनी अंगठ्याने पुसून टाकल्या होत्या.

निघालो. काकांच्या अंगात काळा कोट, गळ्यात उपरणं, काखेत छत्री. ते कॅरिअरवर बसले तेव्हा पुढचं चाक जमिनीवरून उठलं आणि मी हँडलवर ओणवा झाल्यावरच खाली आलं. साखरतरच्या खाडीवर होडीवाल्याने आम्हाला पाहिलं आणि विडी तोंडातून काढली.

“मास्तरानू, आधी काय चढवू? सायकल की तुमी?”

“जड काय असेल ते आधी!” काका म्हणाले. होडीवाल्याने मुकाट्याने त्यांचा हात धरला.

पलीकडे काळबादेवीच्या किनाऱ्याला ओहोटी होती. ओली रेती फरशीसारखी घट्ट. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला सुरूचं बन, समोर मोकळी पुळण आणि खाली पळणारं चाक! पंधरा मिनिटं मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो.

मग काका म्हणाले, “जरा पाण्याच्या कडेने घे रे. पायांना गार वाटेल.”

घेतली. एक लाट आली, चाक रुतलं आणि आम्ही दोघे समोरासमोर पाण्यात बसलो. पुढचा हुकूम समुद्राच्या पाण्यातूनच आला, “बघतोस काय? सायकल उचल! लोखंड गंजेल!”

आऱ्याची खाडी सायकल खांद्यावर घेऊन चालत ओलांडली. (तोवर आम्ही भिजलेलेच होतो, त्यामुळे वेगळं काही वाटलं नाही.) वारे गावचा चढही ढकलतच चढलो. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. काका पुन्हा कॅरिअरवर बसले. डोक्यावर ऊन नको म्हणून एका हातात उघडी छत्री धरली आणि वाळायला म्हणून दुसऱ्या हातात ओलं उपरणं. म्हणजे मला धरायला त्यांच्याकडे हातच उरला नाही. हे मला आता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा सुचलं नाही.

नेवऱ्याचा उतार लागला. लाल कातळातल्या चाकोरीतून सायकल खडखडत सुटली. काका मागून मला पढवत होते. “तू गप्प बस. बोलणं मी करीन. स्वयंपाकाचं विचारलं तर सांगू, घरात सगळी व्यवस्था आहे.”

“काका, खोटं कशाला सांगायचं?” मी म्हणालो.

एक जोराचा धक्का बसला. सायकल एकदम हलकी झाली. मला वाटलं, माझ्यात ताकद आली.

मागून उत्तर मात्र येईना. काका रागावले की गप्प बसायचे, हे मला माहीत होतं. “रागावलात का?” मी विचारलं. उत्तर नाही. उताराच्या वाऱ्याने कान भरले होते, नजर चाकोरीवर खिळली होती. मागे पाहिलं असतं तर सायकल दरीत गेली असती. “काका, तुम्हाला खोटं बोलायला लावायला मला बरं वाटत नाही,” मी म्हणालो. “खोटं मीच पुष्कळ बोललोय. तुमची तपकिरीची डबी चोरीला गेली नव्हती. मी ती विहिरीत टाकली होती.” उत्तर नाही. माझं मन भरून आलं. “आणि मॅट्रिकला पहिल्या खेपेला मी आजारी नव्हतो, काका. परीक्षेला बसलो होतो. नापास झालो!”

दोन मैल मी असा मन मोकळं करत गेलो. तुमची क्षमा मागतो म्हटलं, तुमच्याशिवाय मला कोण आहे म्हटलं. शेवटी वाडी आली, सपाटी लागली, एका घराभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यापाशी मी पाय टेकून सायकल थांबवली आणि हात जोडल्यागत म्हणालो, “तपकिरीची डबी विहिरीत टाकली ते माफ करा, काका, मॅट्रिकचंही. आता एकच विनंती. मुलगी कशीही असो, ‘विचार करून कळवतो’ असं म्हणू नका. मला आता ती पेज खाववत नाही हो!”

गडग्यापलीकडे एक मुलगी कळशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, “तुमच्या मागे कोणी नाहीये.”

मी वळून पाहिलं. कॅरिअर रिकामं!

“भाऊकाका!” मी किंचाळलो. “माझे काका पडले!”

मुलीने कळशी तिथेच ठेवली आणि “आबा, लवकर या!” अशी हाक मारली. बाहेर आलेले गृहस्थ म्हणजेच आम्ही पाहायला निघालो होतो त्या मुलीचे बोटीवरचे वडील, हे मला त्यांच्या बोलण्यावरूनच कळलं.

“माणूस पडला त्या जागेची खूण धरलीत?”

“नाही हो. पडलेले कळलंच नाही.”

“वारा कुठून होता?”

“पाठीमागून.”

“त्यांच्याजवळ शीड वगैरे काही?”

“छत्री होती. उघडी.”

त्यांनी गंभीरपणे समुद्राकडे पाहिलं. “मग तुमच्या पुढेच गेले असतील!”

पण ते विनोद करून थांबणारे नव्हते. वाडीतले चौघे गडी, मी आणि ते असे आम्ही उतार उलटा चढू लागलो. हाका मारून माझा घसा बसला. दीडेक मैलावर एका काजूच्या फांदीला काकांची छत्री उलटी लटकलेली दिसली. मी तिथेच बसलो. आईवडिलांचा चेहरा मला आठवत नव्हता. आठवत होता तो एकच माणूस, जो तापात रात्रभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि ज्याला मी सामानासारखं मागे बांधून, न बघता पुढे निघून आलो होतो. आठ मैलांत प्रथमच मला रडू आलं.

“इकडे या!” मुलीचे वडील आणखी वरून ओरडले. शेतात पेरणीआधीच्या भाजावळीसाठी कोणी तरी पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, मोठा ढीग रचला होता. त्याच्या मधोमध एक भलामोठा खळगा होता. बघताच मी ओळखला. तो काकांचाच होता!

शेजारी पाने गोळा करणारी एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. “ते मास्तर व्हय? ते पाखाडीच्या पायऱ्यांनी कवाच खाली धावले. ‘पोराचा ब्रेक तुटला, पोर दर्यात गेलं’ म्हणून वरडत व्हते. एका पायात व्हाण नव्हती त्यांच्या.”

आम्ही धावत परत आलो. अंगणात भाऊकाका उभे. कोटाला पानं चिकटलेली, धोतर फाटलेलं, एक पाय अनवाणी आणि डोळे लाल. ते आधी किनाऱ्यावर जाऊन मला लाटांमध्ये शोधून आले होते. मला पाहिल्यावर थोबाडीत मारावी की पोटाशी धरावं, हे त्यांचं ठरेना. म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

“मेल्या, किती ओरडलो तुझ्या मागे! काय बोलत सुटला होतास?”

“काही नाही,” मी म्हणालो. गडग्यापाशी भेटलेली मुलगी दाराआड तोंडाला पदर लावून उभी होती. ती तपकिरीच्या डबीबद्दल एक शब्द बोलली नाही. तेव्हाच मला ती पसंत पडली.

मग रीतसर मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला. मी पायात काटे रुतलेला, एक गाल सुजलेला. सुमतीने (हे तिचं नाव) पोहे आणून ठेवले. तिच्या वडिलांनी विचारलं, “मुलाचा स्वभाव कसा आहे?”

पायाला हळद लावून घेत भाऊकाका म्हणाले, “अत्यंत सावध! आणि जबाबदारीची जाणीव तर फार!”

आतल्या खोलीतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हसण्याचा.

संध्याकाळच्या आत लग्न ठरलं. वडिलांनी आत जाऊन विचारलं, सुमती ‘हो’ म्हणाली आणि भाऊकाकांनी ‘विचार करून कळवतो’ न म्हणता सुपारी फोडली. परतताना सुमतीच्या वडिलांनी आम्हाला बैलगाडी दिली. सायकल गाडीत आडवी ठेवली होती आणि काका तिच्यावर पाय ठेवून बसले होते.

माझ्यासारख्या माणसाला तिने हो का म्हटलं, हे कोडं मला पुष्कळ वर्षं सुटलं नाही. मला वाटे, माझ्या त्या कबुलीजबाबांनी तिचं मन जिंकलं असावं. एकदा मी तिला सरळच विचारलं.

ती भाकरी थापता थापता म्हणाली, “त्यात काय कठीण होतं? मागचा माणूस पडला तरी ज्याला दोन मैल पत्ता लागत नाही, त्याच्या घरात आपल्याला हवं तसं राहता येईल, एवढं मला तिथल्या तिथे कळलं.”

आज इतक्या वर्षांनी तिला विचारलं तर ती म्हणते, तिचा अंदाज अगदी बरोबर निघाला. कशाकशाच्या बाबतीत, ते मात्र मला अजून माहीत नाही!