वडिलांच्या कानाला पसंत पडलेला कॉम्प्युटर

माझी आत्या पिशोरला राहते. जयंतीची गाणी, बारशाची गाणी, जात्यावरच्या ओव्या, सगळं तिला तोंडपाठ. सात-आठ वर्षं मी ते मोबाईलवर रेकॉर्ड करत आलो. मोबाईल भरत आला तेव्हा ठरवलं, घरात एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा आणि सगळी गाणी त्यात टाकायची, म्हणजे नात्यातल्या कुणालाही आपापल्या फोनवर ती ऐकता येतील.

मित्राच्या ऑफिसातला एक जुना, मोठा कॉम्प्युटर मिळाला. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात तो ठेवायला जागा एकच, वडिलांच्या पलंगाशेजारी. चालू केला की त्याचा पंखा नुसता घोंघावायचा. दोन रात्री वडिलांनी कानावर उशी घेऊन काढल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गिरणी लावायचीच होती, तर लोकांचं दळण तरी घेऊ."

मग मी एखादा लहान आणि बिनआवाजाचा कॉम्प्युटर बघायला निघालो. वडील माझ्याआधी चपला घालून तयार. "झोपायचं मला हाय त्याच्याजवळ. मीच पसंत करतो."

वडिलांची सगळी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून गेली. जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात पोचताच त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. दुकानदार दचकला. "चाचा, खोलना नहीं."

"खोलत नाय. ऐकतो." त्यांनी टोक चालू कॉम्प्युटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मी प्रोसेसर, मेमरी, वीज किती खातो असे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. ते विचारायची वेळच येईना.

"याच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय," वडील म्हणाले. दुकानदारानं झाकण काढून पंखा बोटानं हलवला. तो खरोखरच डुगडुगत होता.

दुसरा जाड पुस्तकाएवढाच होता. वडिलांनी बराच वेळ ऐकलं. "पंखा बरा हाय. पण आत कायतरी कटकटतंय."

"वो हार्ड डिस्क है, चाचा," दुकानदार म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात अदब आली होती. आत काहीच फिरत नाही अशी नवी डिस्क त्यानं बसवली. वडिलांनी पुन्हा कान लावला.

"आता चालू करा."

"चालूच है, चाचा."

वडील हसले. "मग हाच बांधा."

तो घरी आला त्या दुपारी वडील त्याच्याशेजारी दोन तास गाढ झोपले. संध्याकाळी मी सगळ्यांना गाण्यांची लिंक पाठवली, आणि थोड्याच वेळात आत्याचा फोन आला. "जयंतीच्या पहिल्याच गाण्यात, दुसऱ्या कडव्यात शब्द चुकलाय माझा. ते पुसून टाक, आन् नीट घ्यायला ये."

पुढच्या रविवारी आम्ही एसटीनं पिशोरला गेलो. कोरसला तिनं शेजारच्या तिघी जमवून ठेवल्या होत्या, वडिलांनी ताटावर ठेका धरला. गाणं झकास झालं. चुकलेलंही मी पुसलेलं नाही. आत्याला ते अजून सांगितलेलं नाही.