दुखवट्याचं घर वगळून

आपोंदी आमच्या सरोवरकाठच्या शाळेत गणित शिकवायची. किसुमू शहरात हिवतापाचं गणित शिकवणारा वर्ग निघाला तेव्हा आम्ही दोघींनी अर्ज केला. डास किती, माणसं झोपतात कुठे, हे संगणकात घालायचं आणि डबक्यांतल्या अळ्या मारायचं औषध कुठे टाकलं तर ताप कमी होईल ते काढायचं. तिची मावशी म्हणायची, "गणितानं डास मारतेस म्हणे? मग आधी माझ्या झोपडीतले मार, बाई." आपोंदी हसायची. वर्गात तिच्याइतकं हुशार कुणी नव्हतं.

त्या वर्षी औषध अर्ध्याच जिल्ह्याला पुरणार होतं. आपोंदीच्या गणितानं कौल दिला डोंगराकडच्या गावांना. सरोवरकाठी जवळजवळ सगळे मच्छरदाणीत झोपतात, असं घरोघरची पाहणी सांगत होती. आरोग्य खात्यानंही तेच ठरवलं.

मग तिचे काका वारले. आमच्यात मयताला एकटं ठेवत नाहीत. पुरेपर्यंत आणि नंतरही काही रात्री सारं गणगोत अंगणात शेकोटीभोवती बसतं आणि तिथेच आडवं होतं. आपोंदीच्या भावाची लेक अकेयो तिच्या मांडीवर झोपली होती. तिच्या पायांवरचे डास हाकलता हाकलता आपोंदी थिजली. पाहणीला फिरणारी माणसं आमच्यातलीच. दुखवट्याच्या घरी जाऊन "रात्री कुठे झोपलात?" असं विचारायची त्यांची जीभ कशी रेटेल? ती घरं सोडून ते पुढे जात, म्हणजे उघड्यावर झोपणारे मोजलेच जात नसत. आणि आमच्याकडे कुठल्या ना कुठल्या अंगणात दुखवटा असतोच. हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं? पण शिकायला बसताना सगळ्यांनीच अक्कल गहाण ठेवली होती.

तिनं गणित पुन्हा मांडलं. कौल फिरला, सरोवराकडे आला. वर्गाच्या सरांनी खाली मान घालून सांगितलं, औषध डोंगराकडे टाकून संपलं.

तोवर अकेयोला ताप भरला होता. तो मेंदूत गेला. दवाखान्यात नेलं, पण पोर वाचली नाही.

संध्याकाळी त्याच अंगणात शेकोटी पेटली. भावाची धाकटी दोघं मातीतच पेंगत होती. आपोंदी भावाजवळ गेली.

"ओबिएरो, यांना घेऊन आत झोप. मच्छरदाणी लाव. मी बसते हिच्यापाशी."

त्यानं शेकोटीत एक लाकूड सरकवलं.

"ताई, तिला अंधाराची भीती वाटते. तिला बाहेर टाकून मी आत झोपू?"

आपोंदीनं अंगावरचं कापड काढून धाकट्यांच्या पायांवर घातलं आणि ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.