भोईरकाकांची जांभूळची फेरी

भोईरकाका फोन हातात घेण्याआधी हात ओले करायचे. त्यांच्या टेबलाखाली पाण्याने भरलेला स्टीलचा डबा असायचा. त्यात बोटं बुडवायची, एकदा झटकायची आणि मगच अ‍ॅप उघडायचं. नवा आलेला प्रत्येक जण हसायचा. काका म्हणायचे, "हस. पन माझे घरान बायका भांडी घासता घासता फोन उचलतात. कोरड्या हाताची मानसा फक्त हापिसान."

ते साठीला टेकलेले, बदलापूरजवळच्या जांभूळ गावचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात विजेची बटणं तपासण्यात त्यांची सारी नोकरी झाली होती. कारखाना बंद पडल्यावर ते वायरिंगची कामं करत. आमची कंपनी तेव्हा उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, हरेशभाईंच्या वडिलांच्या जीन्स शिवण्याच्या वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर होती. हरेशभाई मालक, दोन तपासणारी मुलं आणि सगळ्याच्या याद्या ठेवणारी मी. लोकांनी बनवलेली अ‍ॅप्स बाजारात जाण्याआधी तपासायची आणि चुका कळवायच्या, हे आमचं काम. काका आमचा बोर्ड दुरुस्त करायला आले. चहा येईपर्यंत टेबलावरच्या फोनमधलं एकच बटण दाबत बसले आणि आम्ही आठवडाभर तपासून पास केलेलं अ‍ॅप त्यांनी बंद पाडलं.

"काका, ये कैसे किया?" हरेशभाई उठून उभेच राहिले.

"काय नाय. कारखान्यान एकेक बटन हजार हजार वेला दाबाचो. तुमचा चाळीसान मेला."

दुसऱ्या दिवसापासून ते आमच्याकडे कामाला लागले. इंग्रजी अडखळत वाचायचे, टायपिंग एका बोटाने. पण आमच्याकडच्या एकोणीस जुन्या फोनपैकी प्रत्येकाचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. कुठला लवकर तापतो, कुठल्याचा कोपरा बहिरा आहे. मला "बाय" म्हणायचे. माझ्या याद्यांचं त्यांना कौतुक होतं. "बाय, तुझे यादीन नाय ती वस्तू जगान नाय," असं म्हणायचे. मला ती शाबासकीच वाटायची.

त्यांची एक तपासणी मात्र माझ्या यादीत नीट बसत नव्हती. दर शनिवारी ते एक फोन घरी न्यायचे. जांभूळला पाण्याच्या प्लँटपासून त्यांच्या घरापर्यंतच्या रस्त्यावर रेंज येते, जाते, परत येते. तेवढं अंतर चालता चालता ते अ‍ॅप वापरून बघायचे आणि सोमवारी येऊन सांगायचे. याला आम्ही "जांभूळची फेरी" म्हणायचो. माझ्या तक्त्यात "अपेक्षित निकाल" असा एक रकाना होता. त्या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं की म्हणायचे, "मना काय ठावं? चालल्याशिवाय कसा कलंल?"

मग काम वाढलं. एकोणीस फोन पुरेनात. हरेशभाईंनी क्लाउड घ्यायचं ठरवलं. म्हणजे शेकडो फोन दूर कुठल्या तरी इमारतीत मांडलेले, आपण इथून इंटरनेटवरून ते चालवायचे आणि तपासण्या आपोआप होत राहायच्या. मी काकांना दाखवलं. एकाच वेळी साठ फोनांवर तेच अ‍ॅप उघडताना ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भारी हाय. पन या फोनांना घाम येतं का?"

जुन्या तपासण्यांपैकी कुठल्या क्लाउडवर न्यायच्या, ती यादी करण्याचं काम माझं. ते मी तीन दिवसांत उरकलं. जांभूळच्या फेरीला अपेक्षित निकाल नव्हता, ती आपोआप चालवता येत नव्हती, म्हणून मी ती ओळ खोडली. काकांना सांगितलं नाही. शनिवारी ते फोन मागायला आले तेव्हा एवढंच म्हटलं, "काका, आता गरज नाही, सगळं वर होतं." ते मान हलवून गेले.

पुढच्याच महिन्यात ते घडलं. एका हॉस्पिटलसाठी डायलिसिसची वेळ ठरवण्याचं अ‍ॅप आम्ही तपासून दिलं होतं. बटण दाबताना रेंज गेली की पेशंट पुन्हा दाबायचा. रेंज आली की दोन्ही वेळचं दाबणं एकदम पोचायचं आणि पहिल्याने मिळालेली वेळ दुसऱ्याने रद्द व्हायची. फोनवर मात्र वेळ मिळाल्याचं दिसायचं. तीन पेशंट ठरल्या वेळी गेले, तर त्यांची नावंच नव्हती. त्यांना परत पाठवलं गेलं.

मीटिंग बोलावली गेली. हॉस्पिटलची माणसं समोर पडद्यावर, अलीकडे आम्ही. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात तपासणाऱ्याचं नाव असे. तो नमुना जुनाच होता, माझ्याकडून बदलायचा राहिला होता. तिथे छापलेलं होतं, का. रा. भोईर.

"भोईरकाका, आपने चेक किया था ना?" हरेशभाईंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहत होते. त्यावर माझीच यादी उघडी होती, खोडलेल्या ओळीसकट. एक वाक्य बोलायचं होतं. त्या महिन्यात ऑपरेशन्सचं प्रमुखपद कोणाला द्यायचं ते ठरायचं होतं. कारण एवढंच. कारण मोठं असतं तर लाज जरा कमी वाटली असती.

"माझा नाव लिवलाय ना?" काका म्हणाले. "मंग माझीच चूक." आणि पडद्याकडे वळून त्यांनी विचारलं, "त्या तिघांना मागून नंबर भेटला ना?" आमच्यापैकी हे कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं. एकोणीसही फोन पुसून टेबलावर रांगेत मांडले. परत घेतलेल्या सामानाची यादी माझ्याकडे होती. मी एकेका फोनपुढे खूण केली. सगळे हजर, म्हणून सही केली. पाण्याचा डबा यादीत नव्हता. तो ते घेऊन गेले.

कंपनी वाढली. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत दोन मजले झाले. मी प्रमुख झाले. जांभूळची फेरी आम्ही क्लाउडवर बांधली. रेंज मुद्दाम तोडायची, जोडायची. आज नव्या ग्राहकांना तीच आधी दाखवतो. आणि ऑफिसात एक शब्द रुळला. एखादी तपासणी सुटली की "भोईर झाला". "देख, भोईर मत करना." ज्यांनी काकांना कधी पाहिलं नाही, तेही म्हणायचे. नव्या मुलांचं पहिल्या दिवसाचं प्रशिक्षण माझ्याकडे असतं. त्यात ही गोष्ट मीच सांगायचे. नाव घेतलं की हशा यायचा. तो थांबेपर्यंत मी थांबायचे.

गेल्या वर्षी एका तुकडीत एक मुलगी हसली नाही. मी हजेरीपट पाहिला. प्रणाली भोईर, जांभूळ.

तास संपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, मी त्यांची नात. आजोबांनी सांगितलंय, वैशालीबाय असंल तर तिच्या हाताखाली शीक. तिचे यादीन काय सुटत नाय."

मी त्या शनिवारी जांभूळला गेले. काका अंगणात मेथी धूत बसले होते. थकले होते. मला पाहून ओल्या हातानेच खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. "काका, फेरीची ओळ मी खोडली होती."

"मना तवाच ठावं होता."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

त्यांनी मेथीची जुडी झटकली. "तू बोलशील म्हनून थांबलू होतो."

घरातून चहा आला. तो संपेपर्यंत ते इतर गोष्टी बोलले. प्रणालीची नोकरी, गावात आलेल्या नव्या बिल्डिंगी. निघताना म्हणाले, "जेवून गेली असतीस तर बरा झाला असता."

सोमवारी मी प्रशिक्षणाच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं, जुन्यांनाही. हरेशभाई मागे उभे होते. मी पडद्यावर ती जुनी यादी लावली आणि खोडलेली ओळ दाखवली. ही कोणी खोडली, कोण गप्प बसलं, कोणाचं नाव फुकट बदनाम झालं, ते क्रमाने सांगितलं. हरेशभाई बाहेर जाताना एवढंच म्हणाले, "वैशाली, इतने साल?"

प्रणालीने घरी सांगितलं. काका काय म्हणाले, असं मी विचारलं. "काही नाही. म्हणाले, ती फेरी आता ढगातल्या फोनांवर नीट चालते ना, ते बघून ये."

पावसाळ्यानंतर काका गेले. दहाव्याला मी जांभूळला गेले होते. प्लँटपासून त्यांच्या घरापर्यंत चालत गेले. वाटेत माझी रेंज दोनदा गेली.

शब्द मात्र गेला नाही. एकदा सवय झाली की खुलासा करून शब्द परत घेता येत नाही. परवा कँटीनमध्ये मागच्या टेबलावर एक मुलगा वैतागून म्हणाला, "अरे यार, फिर भोईर हो गया." मी ताट ठेवून उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो नवा होता. काय चुकलं, ते त्याला कळेना.

"भोईर नाही," मी म्हटलं. "साठे झालं म्हणायचं. वैशाली साठे."