एका खेपेत दोन कामं

आमच्या शेजारच्या भाभींना देवानं एकच जन्म दिला, ही देवाची चूकच म्हणायची. दोन दिले असते तर दोन्ही त्यांनी एकाच वेळी उरकले असते आणि वर जाऊन देवालाच विचारलं असतं, "आता आलेच हाय तर तुमचं पण काही काम करून जाऊ का?" एका वेळी एकच काम करणारा माणूस भाभींच्या लेखी एक तर आजारी असायचा नाही तर सरकारी नोकर. मी लग्न होऊन वडीगोद्रीहून जालन्याला आले, मस्तगडात त्यांच्या भिंतीला भिंत लावून संसार मांडला, तेव्हा पहिल्याच सकाळी मी दूध आणायला निघालेली पाहून त्यांनी गॅलरीतून हाक मारली, "नुसतं दूधच आणून राह्यली का गं? मंग कोथिंबीर कोण आणणार? एका खेपेत दोन कामं झाली पाहिजेत, न्हाई तर पाय फुकट झिजतात." मी नव्या नवरीच्या उत्साहात म्हटलं, "म्हणजे एका दगडात दोन पक्षी." तर त्या चपापून म्हणाल्या, "अगं बाई, पक्षी कशाला मारायचे? आमच्यात मुंगी मारत न्हाईत. खेप म्हण, खेप."

घराणं मारवाडी, पिढ्यान्‌पिढ्या जालन्यातलं. भाईसाहेबांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, बियाण्यांचं दुकान. भाभींचं माहेर हसनाबादचं, त्यामुळे त्या मराठी बोलायला लागल्या की भोकरदनकडची पाटलीणच बोलतेय असं वाटायचं, आणि रागावल्या की मात्र गाडी थेट राजस्थानात. गल्लीत कुणी गेलं की भाभी तिथं बसायला जायच्या त्या हातात गव्हाचा डबा घेऊन, कारण गिरणी वाटेवरच होती. तिथं त्या रडायच्या मात्र अगदी मनापासून, डोळे सुजेपर्यंत. एकदा अशाच एका घरी रडता रडता त्यांची नजर गेलेल्या माणसाच्या पुतण्यावर पडली. मुलगा उंच, पाणी वाटतोय, कुणाशी उगाच बोलत नाही. भाभींनी पदरानं डोळे पुसले, शेजारच्या बाईला हळूच पोराचं शिक्षण विचारलं, आणि तेराव्यानंतर आपल्या मावसबहिणीची मुलगी त्या घरात देऊन टाकली. रडायला गेलेली बाई सोयरीक जमवून आली, हे मस्तगडात अजून सांगतात. दुसऱ्या एका वेळी भाईसाहेबांची दाढ काढायला म्हणून त्या सोबत गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आलोच हाय तर माझी पण एक पाहून घ्या, हलल्यासारखी वाटते." दोघं नवराबायको एकाच रिक्षातून, एकेक गाल टम्म फुगवून, खुणांनी भांडत घरी आले. भांडण काय होतं तर भाईसाहेबांचं म्हणणं, तुझी दाढ चांगली होती.

अशा बाईनं एके दिवशी गच्चीवर पापड वाळत घालता घालता मला सांगितलं की त्या छातीचं ऑपरेशन करून घेणार आहेत. माझ्या हातातला पापड खाली पडला. मला वाटलं गाठ-बिठ निघाली. "गाठ नाही गं, लोंबून राह्यली," त्या म्हणाल्या, आणि खालच्या गल्लीत कोणी ऐकतंय का हे बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही. पुण्याला दिलेल्या मुलीनं, पिंकीनं, त्यांना सांगितलं होतं की आता औरंगाबादलासुद्धा असं उचलून देणारे डॉक्टर आहेत. तेव्हा त्यांचं वय पंचेचाळीसच्या पुढं गेलेलं. भाईसाहेबांनी नेहमीप्रमाणे "करा, जे करायचं ते" म्हणून हात झटकले होते. उन्हाळ्यात खालच्या घडीत घाम साचून कातडी सोलवटायची, पण खरं दुखणं वेगळं होतं. भाभींची डावी बाजू उजवीपेक्षा बरीच खाली आली होती आणि रिकामी पडली होती. कोणतंही ब्लाउज दोन्हीकडे सारखं बसायचं नाही. त्या डावीकडे कापूस भरायच्या, आणि जिना चढता-उतरताना तो कापूस भलतीकडेच जायचा. "मला पण वाटतं ना गं," त्या म्हणाल्या, "एक तरी ब्लाउज बराबर बसावं. मेल्यावर बसलं तर काय उपयोग?" मी हसले. त्याही हसल्या. मग पापड उलटत म्हणाल्या, "डावी गुड्डूनं रिकामी केली."

गुड्डू कोण, हे मला माहीत होतं, पण हे नव्हतं माहीत. गुड्डू हा त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला तो जन्मला आणि त्याची आई बाळंतपणातच गेली. पिंकी तेव्हा तीन महिन्यांची. सासूबाईंनी ते पोर आणून भाभींच्या मांडीवर ठेवलं आणि निघून गेल्या. त्या दिवसापासून उजवी बाजू पिंकीची आणि डावी गुड्डूची. पिंकी नखरेल, दोन घोट पिऊन झोपायची. गुड्डू मात्र जन्माचा उपाशी असल्यासारखा ओढायचा. दोन पोरं, दोन बाजू, आणि दोघं एकाच वेळी रडायची. "तवाच लागली ही सवय," भाभी म्हणाल्या. "एकाला पाजत बसले तर दुसरं निळं पडायचं रडून. मंग दोघांना एकदमच घ्यायचे." इतकी वर्षं आम्ही सगळ्या जणी ज्या खेपेला हसत होतो, ती पहिली खेप ही होती. पोर पाच वर्षांचं झालं तेव्हा दिरानं दुसरं लग्न केलं आणि इंदौरला धंदा काढून गुड्डूला घेऊन गेला. जाताना गुड्डूनं भाभींचा पदर दातात धरला होता, तो भाईसाहेबांना सोडवावा लागला. त्यानंतर तो यायचा तो लग्नकार्याला, दोन-तीन वर्षांतून एखादा दिवस. "बडीमाँ" म्हणायचा, पाया पडायचा, आणि निघायचा. मुलं मोठी होतात, त्यात त्याचा काय दोष?

तर आता या गुड्डूचं लग्न ठरलं होतं, आणि भाभींचं सगळं चित्त तिथं लागलं होतं. त्यांच्यात एक रीत आहे. नवरदेव घोडीवर चढायच्या आधी आईपुढे येऊन बसतो, आई त्याच्या डोक्यावरून चुनरी घेते आणि त्याला छातीशी धरते. प्यायचं काही नसतं, नुसतं तोंड टेकवायचं. माझ्या दुधाची आठवण ठेव, एवढंच त्यात सांगणं. या रसमेला आपण बसणार, याबद्दल भाभींच्या मनात तिळभर शंका नव्हती. "रसम दुधाची हाय," त्या म्हणायच्या, "मंग दूध जिचं तीच बसणार. ह्यात इचारायचं काय?" भाईसाहेब एरवी तोंडातून शब्द काढत नसत, पण तेसुद्धा म्हणाले, "इंदौरला एक फोन तर करून घे." भाभींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून दुकानात गेले, आणि त्या दिवशी दुकान बंद असायचा वार होता.

औरंगाबादच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो ते चुनरी खरेदी करून. एका खेपेत दोन कामं! लाल-पिवळी, गोट्याच्या, म्हणजे सोनेरी पट्टीच्या, किनारीची ती चुनरी पिशवीत चुरगळेल म्हणून भाभींनी ती डॉक्टरांच्या टेबलावर उलगडून ठेवली. डॉक्टर भला माणूस. त्यानं तपासलं आणि चुनरीवरून कागद सरकवत, चित्रं काढत समजावून सांगितलं. "ही दोन वेगळी कामं आहेत. सैल पडलेलं वर उचलायचं, हे एक. त्यात जादा कातडी काढतात, आकार येतो, पण भरीवपणा येत नाही. आत जे रिकामं झालंय ते भरायचं असेल तर सिलिकॉनची पिशवी बसवावी लागते, हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी करता येतं. भूल एकदा, दुखणं एकदा. पण वरून कातडी ओढून घ्यायची आणि आत वजन घालायचं, म्हणजे टाक्यांवर ताण जास्त. शिवाय ती पिशवी जन्मभराची नसते, पुढंमागं बदलावी लागू शकते. घाई नाही. विचार करा."

मी मनात म्हटलं, झालं! एका भुलीत दोन कामं, हे तर भाभींसाठीच काढलेलं ऑपरेशन. पण भाभी चुनरीची किनार बोटांनी सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ते आत भरलं, आणि मंग लेकरानं तोंड लावलं, तर ते मलाच लावलं म्हणायचं का त्या पिशवीला?" डॉक्टरांनी चष्मा काढला. कागदावरचं वय पुन्हा वाचलं. अगदी सांभाळून विचारलं, "आता... या वयात... विचार आहे का तुमचा?" मी हसू दाबता दाबता खोकू लागले. भाभींनी तोंडाला पदर लावला आणि त्याही इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी डॉक्टरांना रसम समजावून सांगितली. डॉक्टर म्हणाले, "आधी लग्न करून या. ऑपरेशनाला काय, ते कधीही होईल."

इंदौरला भाभींनी मलाही नेलं, कारण लग्नही पाहणं होईल आणि उज्जैनही. निकासीच्या, म्हणजे नवरदेवाची वरात घरातून निघायच्या, दिवशी अंगणात पाट मांडला. गुड्डू शेरवानी घालून आला, काय देखणा दिसत होता! भाभी पिशवीतून चुनरी काढून पुढं निघाल्या, तेवढ्यात कोणीतरी त्याच्या दुसऱ्या आईचा हात धरून तिला पाटावर बसवलं. कोणी मुद्दाम केलं नाही. तिथं कोणाला दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं. ती बाईही वाईट नव्हती. इतकी वर्षं त्याचे डबे तिनंच भरले होते, तापात उशाशी तीच बसली होती. तिनं भारी साडी नेसली होती, पदर पिनांनी टाचलेला. तो काही केल्या पोराच्या डोक्यावरून येईना. बायकांमधून कोणी ओरडलं, "अरे, कोई चुनरी लाओ!" आणि चुनरी अख्ख्या अंगणात एकाच बाईच्या हातात होती.

भाभी पुढं गेल्या. त्यांनी घडी मोडली, दोन्ही हातांनी चुनरी पसरली आणि त्या दोघांच्या डोक्यावरून नीट घातली. किनार सरळ केली. गुड्डूनं चुनरीखाली तोंड टेकवलं आणि बायका गाऊ लागल्या. मला तिथं उभं राहवेना. मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं. परत आले तेव्हा वरात निघाली होती आणि भाभी पाट उचलून भिंतीला लावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "चल, चुनरी पण कामाला आली." उज्जैनला मात्र त्या गेल्या नाहीत. पाय दुखून राह्यले म्हणाल्या.

जालन्याला आल्यावर त्यांनी तो विषयच काढला नाही. मीही नाही. पिंकी फोनवर सारखी मागे लागली होती, "मम्मी, आता दोन्ही करून टाक, कशाला राखून ठेवतेस?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. आता कोणासाठी जपायचं होतं? घ्या भरून, करा दोन्ही बाजू सारख्या, घाला मनासारखं ब्लाउज. दिवाळी झाल्यावर एक दिवस भाभी साडी नेसून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, डॉक्टरकडं जायचं."

डॉक्टरांनी ओळखलं. लग्न कसं झालं विचारलं. भाभी म्हणाल्या, "चांगलं झालं. पोरगी गुणाची हाय." मग डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "मग काय ठरवलं? दोन्ही एकदम?"

"न्हाई," भाभी म्हणाल्या. "वर तेवढं उचला. आत काही भरू नका."

"भरीव दिसणार नाही मग. डावीकडे कमी आहे ते कमीच राहील. नंतर वाटलं तर पुन्हा वेगळं ऑपरेशन..."

"राहू द्या कमी." भाभी टेबलाकडे बघत बोलत होत्या. "तिथलं सांडलं न्हाई, डॉक्टरसाहेब. लेकरू पिलं. ते रिकामं हाय म्हणून मला तरी म्हाईत हाय, की पिलं. त्यात बाहेरचं कशाला घालू?"

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तारीख दिली. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण भाभी रडत नव्हत्या आणि त्यांच्यासमोर मी रडणं बरं दिसलं नसतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आता त्या थकल्यात, केस पांढरे झालेत, डावीकडचं ब्लाउज अजून जरा सैलच बसतं, पण कापूस त्यांनी पुन्हा कधी भरला नाही. गल्लीत अजूनही डबा घेऊन रडायला जातात, आणि नव्या सुनांना कोथिंबिरीवरून टोकतात. मला मात्र त्या तारीख घेतलेल्या दिवशी दवाखान्यातून परतताना स्टँडकडे जायची वाट आठवते. दोन्ही बाजूंना दुकानं उघडी होती, साड्या, भांडी, मसाले, काय नव्हतं! भाभींची पिशवी घडी घालून काखेत होती. मी वाट पाहत होते, आता थांबतील, मग थांबतील. शेवटी मीच म्हटलं, "भाभी, आलोच आहोत तर काही घ्यायचं का?"

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आज एकच काम होतं."

आणि आम्ही दोघी मोकळ्या हातांनी घरी आलो.